मधुमेहामुळे पाय कापावे लागणाऱ्यांत कृष्णवर्णीय इतके अधिक का?

निशिगंध, मेम्फिस (प्रश्न)

नमस्कार. मी मूळची कऱ्हाडची. व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट असून गेली सहा वर्षे अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात काम करते. गुडघ्याखाली किंवा गुडघ्यावर पाय कापलेल्या रुग्णांना कृत्रिम पायावर उभे करणे आणि पुन्हा चालायला शिकवणे हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. शहराच्या दक्षिणेला मिसिसिपी डेल्टाचा सपाट, कापसाचा प्रदेश सुरू होतो आणि तिथून दीड-दोन तासांचा प्रवास करून येणारे रुग्ण आमच्याकडे बरेच असतात. त्यांतील बहुतेकांचा पाय मधुमेहाने गेलेला असतो आणि त्या बहुतेकांमधले बहुतेक कृष्णवर्णीय असतात.

सध्या माझ्याकडे येणारे एक गृहस्थ ५८ वर्षांचे आहेत. कॅटफिश माशांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात ते वीस वर्षे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून ओल्या फरशीवर उभे राहिले. पायाला काही लागल्याचे त्यांना कळलेच नव्हते. संध्याकाळी मोजा काढताना तो अंगठ्याला चिकटलेला निघाला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा खाली पाहिले. फेब्रुवारीत अंगठा काढला, जूनमध्ये अर्धे पाऊल आणि सप्टेंबरमध्ये गुडघ्याखालचा पाय. त्यांची कागदपत्रे मी दोनदा चाळली. तीन शस्त्रक्रिया झाल्या, पण पायापर्यंत रक्त पोहोचते आहे की नाही याची एकही तपासणी त्या फाइलमध्ये नव्हती. ज्या रुग्णालयात हे घडले त्याचे नाव मी इथे लिहिणार नाही.

मला अस्वस्थ करते ते आसपासचे बोलणे. "त्यांच्या रक्तातच आहे ते," असे माझ्या बरोबर काम करणारी चांगली, कष्टाळू माणसे सहज म्हणून जातात. म्हणून जाणकारांना दोन प्रश्न विचारते. हा फरक खरोखरच आनुवंशिक आहे का? आणि आपल्या भारतीयांमध्ये मधुमेह एवढा असताना आपल्या पायांचे काय? माझे वडील ७१ वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह होऊन अठरा वर्षे झाली आणि ते अजूनही अंगणात अनवाणीच फिरतात.

डॉ. मिडलँड्स

निशिगंधताई, मी इंग्लंडच्या मध्य भागात मधुमेहतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि आठवड्यातला एक दिवस पायांच्या क्लिनिकमध्ये असतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर मला इथल्याच आकड्यांत सापडले, म्हणून तेवढेच मांडतो.

इंग्लंडच्या वायव्य भागात पंधरा हजारांहून अधिक मधुमेही रुग्णांच्या पायांची तपासणी करून एक मोठा अभ्यास झाला आणि तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाचा फरक जमेस धरल्यावर युरोपीय वंशाच्या रुग्णांमध्ये पायाच्या जखमेचे प्रमाण ५.५ टक्के, आफ्रिकी-कॅरिबियन रुग्णांमध्ये २.७ टक्के आणि दक्षिण आशियाई रुग्णांमध्ये १.८ टक्के आढळले. त्याआधी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात आफ्रिकी-कॅरिबियन मधुमेहींचा पाय कापला जाण्याचा धोका इथल्या गोऱ्या मधुमेहींपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला होता. कारणे शोधली तेव्हा त्यांच्यात धूम्रपान, नसांचा बधिरपणा आणि पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार या तिन्ही गोष्टी कमी असल्याचे दिसले.

आता हे आपल्या डेल्टातील रुग्णांशेजारी ठेवून पाहा. जमैका, बार्बाडोसहून ब्रिटनमध्ये आलेल्यांचे पूर्वज आणि मिसिसिपीतल्या कापूस मजुरांचे पूर्वज बहुतांशी पश्चिम आफ्रिकेच्या त्याच किनाऱ्यांवरून, तशाच गुलामांच्या जहाजांतून नेले गेले. अटलांटिकच्या एका बाजूला त्यांच्या वंशजांचे पाय गोऱ्यांपेक्षा अधिक सुरक्षित आहेत आणि दुसऱ्या बाजूला कितीतरी अधिक धोक्यात. दोष "रक्तात" असता, तर तो समुद्र ओलांडताना उलटा कसा झाला असता?

दुसऱ्या प्रश्नाबाबत मात्र सावध राहा. १.८ टक्के हा आकडा वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. हे दक्षिण आशियाई लोक ब्रिटनमध्ये राहणारे, बंद बूट घालणारे आणि वर्षातून एकदा फुकट पाय तपासून घेता येणारे होते. शिवाय हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार यांत हीच मंडळी इथे गोऱ्यांच्या पुढे आहेत. म्हणजे एकाच समाजाचा पाय तुलनेने वाचतो आणि हृदय वाचत नाही, त्यामुळे "या समाजाचा मधुमेह सौम्य" किंवा "त्या समाजाचा तीव्र" असे सरसकट विधान कोणत्याच बाजूने टिकत नाही.

इथल्या व्यवस्थेविषयी एकच गोष्ट सांगतो. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये १९८१ साली मधुमेही पायांसाठी स्वतंत्र क्लिनिक सुरू झाले. मधुमेहतज्ज्ञ, शल्यविशारद, पायांची निगा राखणारे पोडियाट्रिस्ट, परिचारिका आणि बूट तयार करणारा कारागीर अशी सगळी माणसे तिथे एका छताखाली बसू लागली आणि पाय कापण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियांची (विच्छेदनांची) संख्या लवकरच खाली आली. आजचा आमचा नियम असा की पायाला नवी जखम, सूज किंवा जंतुसंसर्ग दिसला, तर कामाच्या एका दिवसात रुग्ण पायांच्या पथकाकडे पाठवायचा. आपल्या रुग्णाला फेब्रुवारी ते सप्टेंबर असे सात महिने मिळाले होते, हे वाचून मी बराच वेळ थांबलो.

तुळशीवृंदावन

मी सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीवर काम करते आणि सध्या कॅलिफोर्नियात असते. डॉक्टरसाहेबांच्या मांडणीतील एका कच्च्या दुव्याकडे आधी लक्ष वेधते. स्थलांतर करून गेलेली माणसे बहुधा मागे राहिलेल्यांपेक्षा धडधाकट असतात, त्यामुळे ब्रिटनमधील कॅरिबियन आणि मिसिसिपीतील कृष्णवर्णीय यांची तुलना पुरती समसमान होत नाही. परंतु त्यांचा निष्कर्ष मला मान्य आहे, कारण अमेरिकेतल्या अमेरिकेतही तो खरा ठरतो.

उत्तर कॅलिफोर्नियातील कैसर पर्मनंटे ही संस्था आपल्या सभासदांना विमा आणि उपचार दोन्ही स्वतःच पुरवते. तिथल्या बासष्ट हजारांहून अधिक मधुमेही सभासदांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांचा विमा सारखा, दवाखाने तेच, डॉक्टर तेच. अशा ठिकाणी कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय यांच्यातील पाय कापण्याच्या प्रमाणातला फरक जवळजवळ नाहीसा झाला होता आणि आशियाई सभासदांमध्ये तर ते प्रमाण गोऱ्यांपेक्षा बरेच कमी होते. गंमत म्हणून नव्हे, तर प्रामाणिकपणासाठी हेही सांगायला हवे की त्याच अभ्यासात मूत्रपिंड निकामी होण्याचे प्रमाण मात्र कृष्णवर्णीय, आशियाई आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) या तिन्ही गटांत गोऱ्यांहून अधिकच राहिले. मूत्रपिंडाच्या बाबतीत जीवशास्त्राचा काही वाटा असेलही. पायाच्या बाबतीत तो वाटा, निदान त्या सभासदांमध्ये, शोधूनही हाती लागला नाही.

आता त्याच राज्यात, पण कैसरच्या सभासदांपुरते न थांबता काय दिसते ते पाहा. २०११ या एका वर्षात कॅलिफोर्नियात मधुमेहींच्या सुमारे आठ हजार विच्छेदन-शस्त्रक्रिया झाल्या. संशोधकांनी त्या पिनकोडनुसार नकाशावर मांडल्या, तेव्हा लॉस एंजेलिस परिसरातील कॉम्प्टनसारख्या गरीब वस्त्या आणि मालिबू, बेव्हर्ली हिल्ससारख्या श्रीमंत वस्त्या यांच्यात दहापटीपर्यंत तफावत निघाली. या वस्त्यांमधले अंतर मोटारीने तासाभराचेही नाही. ज्येष्ठांसाठीच्या मेडिकेअर योजनेच्या नोंदींवर आधारलेला डार्टमथ अॅटलास या आरोग्यसेवेच्या अभ्यासाचा २०१४ चा अहवालही हेच सांगतो. मधुमेह आणि पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये विच्छेदनाचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ तिप्पट होते आणि सर्वाधिक दर आग्नेयेकडच्या ग्रामीण पट्ट्यात होते, म्हणजे निशिगंधताई, तुमच्या दाराशी.

तो पट्टा असा का झाला, हे डेल्टाच्या इतिहासाशिवाय कळत नाही. बोलिव्हर काउंटीत माउंड बायू नावाचे गाव आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांनी ते १८८७ मध्ये वसवले. तिथे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॅक गायगर या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ग्रामीण भागातले पहिले सामुदायिक आरोग्य केंद्र उभारले. केंद्रात येणाऱ्या मुलांचे खरे दुखणे भूक आहे हे दिसल्यावर तिथले डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाज्या आणि मांस लिहून देऊ लागले आणि किराणा दुकानदाराची बिले केंद्राच्या औषधांच्या खर्चात धरली जाऊ लागली. वर बसलेल्या अधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला, तेव्हा कुपोषणावरचे औषध अन्नच आहे, असे उत्तर गायगर यांनी दिले. ते केंद्र आजही चालू आहे. परंतु गरिबांच्या मेडिकेड विम्याचा जो विस्तार २०१४ पासून राज्यांना खुला झाला, तो मिसिसिपीने स्वीकारलेला नाही. कारखान्यात काम करणारा, पण विमा परवडत नसलेला पन्नाशीतला माणूस नेमका याच फटीत सापडतो. पासष्टाव्या वर्षी मेडिकेअर हाती येते, तोवर पायाचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

रक्तवाहिनी

मी टेक्सासमध्ये व्हॅस्क्युलर सर्जरीच्या (रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांच्या) प्रशिक्षणात आहे. तुळशीवृंदावन यांचे म्हणणे वाचून कोणाला असे वाटेल की सर्वांना विमा दिला की प्रश्न मिटला. माझा अनुभव आणि नोंदी दोन्ही त्याला पूर्ण दुजोरा देत नाहीत. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत दार सर्वांना सारखेच उघडे असते. तरीही तिथल्या रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या रुग्णांमध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो यांचे पाय अधिक कापले गेल्याचे आढळले आहे. मेडिकेअरच्या नोंदींतही विच्छेदनापूर्वी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्तपुरवठा सुधारण्याचा प्रयत्न कृष्णवर्णीयांच्या बाबतीत कमी वेळा झालेला दिसतो, आणि तेही या शस्त्रक्रिया नेहमी होणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत. म्हणजे माणूस आत येतो, पण टेबलापर्यंत पोहोचतो तो वेगळ्याच निर्णयासाठी.

हा निर्णय नेमका कुठे वाकडा होतो, हे मी दोन ठिकाणी स्वतः पाहिले आहे.

पहिले ठिकाण म्हणजे त्वचेचा रंग, अगदी शब्दशः. जंतुसंसर्गाची लक्षणे शिकवताना आम्हाला जखमेभोवतीची लाली पाहायला सांगितले जाते आणि पाठ्यपुस्तकातील छायाचित्रे बहुतांशी गोऱ्या पायांची असतात. काळ्या किंवा गडद सावळ्या पायावर ती लाली दिसत नाही. तिथे त्वचा किंचित जांभळट किंवा आसपासपेक्षा अधिक गडद होते, तकतकीत ताणलेली वाटते आणि गरम लागते. माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट करायला लावली. रुग्णाचे दोन्ही पाय उघडे करायचे, आपल्या हाताची मागची बाजू आधी चांगल्या पावलावर आणि मग त्याच जागी दुसऱ्या पावलावर ठेवायची. दोन्हींत फरक जाणवला, तर डोळ्यांना काहीही दिसो, हाताचे ऐकायचे. घरी तापमान मोजणाऱ्यांसाठी हा फरक साधारण २.२ अंश सेल्सियस धरला जातो. एवढा फरक सलग दोन दिवस राहिला, तर चालणे थांबवून डॉक्टरांना गाठावे. हे आपल्या भारतीय पायांनाही तितकेच लागू आहे, निशिगंधताई. आपल्या सावळ्या तळव्याच्या कडेवरची लाली शोधत बसू नका.

दुसरे ठिकाण म्हणजे रक्तपुरवठ्याची तपासणी. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांची तुलना करून पायांचा रक्तपुरवठा अजमावतात. पण जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्टा कितीही फुगवला तरी दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटाच "उत्तम" येतो. म्हणून अंगठ्याचा दाब वेगळा मोजावा लागतो. ते साधन छोट्या दवाखान्यांत सहसा नसते आणि ज्या गावांत कृष्णवर्णीय वस्ती दाट आहे, तिथे बहुधा छोटे दवाखानेच असतात. त्यात २०१८ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांविषयीच्या तज्ज्ञगटाने लक्षणे नसलेल्यांमध्ये घोट्याच्या दाबाची तपासणी करावी की करू नये हे ठरवण्याइतका पुरावा नाही, असे मत दिले. शास्त्रीय दृष्टीने ते मत समजण्यासारखे आहे, पण ज्यांना बधिरपणामुळे लक्षणे जाणवतच नाहीत, त्यांना "लक्षणे नसलेले" म्हणायचे का, हा प्रश्न मला सतत पडतो. धोका असलेल्यांची ही तपासणी विम्यात यावी आणि तपासणी न करता केलेल्या विच्छेदनाचे पैसे मिळू नयेत, यासाठीचे विधेयक न्यू जर्सीचे प्रतिनिधी डोनाल्ड पेन यांनी २०२० मध्ये मांडले होते. ते स्वतः मधुमेही होते आणि २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

जुना कर्मचारी, विदर्भ

मी कुष्ठरोग निर्मूलनाच्या कामात फिजिओथेरपी तंत्रज्ञ म्हणून एकतीस वर्षे होतो, आता निवृत्त आहे. मधुमेहाचा मी तज्ज्ञ नाही, पण बधिर पाय मी हजारोंनी हाताळले आहेत. आजार कोणताही असो, पाय बधिर झाला की तो एकाच पद्धतीने जातो. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत उतरते.

हे ज्ञान आपल्याकडून तिकडे गेले, हे इथे सांगावेसे वाटते. डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करत होते. बोटे आजाराने झडत नाहीत, तर वेदना न कळल्याने झालेल्या इजांनी झडतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे ते अमेरिकेत लुइझियानातील कार्व्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि भारतात वापरात असलेले, पावलाला सगळीकडून घट्ट बसणारे प्लास्टर त्यांनी तिथे नेले. आज मधुमेही पायाच्या जखमेवर तेच प्लास्टर सर्वोत्तम मानले जाते. कार्व्हिल म्हणजे निशिगंधताईंच्या डेल्टाच्या खालच्या अंगाला, त्याच मिसिसिपी नदीच्या काठी. एवढ्या जवळ ही विद्या असूनही त्या कारखान्यातील माणसापर्यंत ती पोहोचली नाही, याचे मला फार वाईट वाटले.

तपासणीला यंत्र लागत नाही. आम्ही नायलॉनचा जाड धागा वापरायचो, आता मधुमेहासाठी दहा ग्रॅमचा वापरतात. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, धागा अंगठ्याच्या आणि तळव्याच्या ठरलेल्या जागी टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा आणि "लागलं का?" असे न विचारता फक्त "सांगा" म्हणायचे. विचारले की माणूस आपल्याला बरे वाटावे म्हणून हो म्हणतो. घट्टा किंवा भोवरी असेल त्या जागी धागा टेकवायचा नाही.

अशी साधी कामे नेमाने केली तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील मूलनिवासींचेच आहे. उत्तर मिनेसोटातील चिपेवा समाजात १९८६ ते १९९६ या काळात आधी नेहमीचे उपचार, मग धोक्याचे पाय शोधून शिकवण आणि पादत्राणे, आणि शेवटी ठरावीक टप्प्यांनी पाठपुरावा असे तीन कालखंड मोजले गेले. दर हजार मधुमेहींमागे वर्षाला होणारी विच्छेदने २९ वरून २१ आणि मग १५ वर आली. दहा वर्षांत लोकांचा वंश काही बदलला नव्हता.

ताई, वडिलांसाठी सांगतो. त्यांना आमच्याकडे एमसीआर म्हणतात ती मऊ रबराची चप्पल घ्या, मागे पट्टा असलेली, आणि ती घरातही घालायला लावा. इंग्लंडचे आकडे कऱ्हाडच्या अंगणाला लागू नाहीत. चैत्र-वैशाखात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातल्याने तळवे भाजलेले, शेकोटीपाशी पाय शेकताना बोटे जळालेली, झोपेत उंदराने अंगठा कुरतडलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांतल्या एकालाही ते त्या वेळी कळले नव्हते. प्रदक्षिणा सोडा, असे मी म्हणणार नाही, सांगून कोणी ऐकतही नाही. पहाटे फरशी थंड असताना जाड मोजे घालून घालू द्या, आणि परत आल्यावर पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, कोणीतरी दुसऱ्याने तळवे पाहिले पाहिजेत. सत्तरीच्या माणसाला स्वतःचा तळवा नीट दिसत नाही.

निशिगंध, मेम्फिस

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून काल मी त्या गृहस्थांच्या उरलेल्या, डाव्या पावलाकडे नव्याने पाहिले. आजवर मी उजव्या पायाचा स्टंप (उरलेला खुंट), तो ज्यात बसतो ते कृत्रिम पायाचे सॉकेट आणि चालण्याचा तोल एवढ्यातच गुंतले होते. जुन्या कर्मचारीकाकांनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटवून धागा टेकवला. दहापैकी सात जागी ते गप्प राहिले. मग हाताची मागची बाजू आधी पोटरीवर ठेवली आणि हळूहळू खाली आणली. तळव्याच्या पुढच्या भागात, करंगळीच्या मुळाशी, एक जागा स्पष्ट गरम लागली. वर काहीच दिसत नव्हते, फक्त एक घट्टा होता आणि त्याची कड आसपासपेक्षा जरा गडद होती.

मी त्याच दिवशी पोडियाट्रिस्टला फोन केला आणि चिठ्ठीत अंगठ्याचा दाब मोजावा असे स्पष्ट लिहिले. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळत होती. मी सात महिन्यांची जुनी हकीकत सांगितली, पुन्हा सांगितली, आणि आता गुरुवार मिळाला आहे. तोवर डावा पाय टेकू नये म्हणून त्यांना चाकांची खुर्ची दिली. ती त्यांना अजिबात आवडलेली नाही, कारण पुन्हा चालायला लागून त्यांना जेमतेम पाच आठवडे झाले आहेत. त्यांच्या बहिणीला मी पाय कसा पाहायचा ते दाखवले. तिलाही मधुमेह आहे, म्हणून जाण्याआधी तिचेही बूट काढायला लावले.